मध्यरात्री तुटणारा बॅकअप

प्रश्न : कार्यालयातील रात्री २ वाजताचा बॅकअप अधूनमधून 'नेटवर्क पाथ सापडला नाही' या संदेशासह फसतो, सकाळी मात्र तोच फोल्डर व्यवस्थित उघडतो. दोष कोठे शोधावा? (एक वाचक, मंगरूळपीर)

उत्तर : सकाळी फोल्डर उघडतो, म्हणजे केबल व पासवर्ड बहुधा ठीक आहेत, म्हणून रात्री काय बदलते, हे आधी पाहणे इष्ट ठरते. मॅप केलेला ड्राइव्ह, म्हणजे नेटवर्कवरील फोल्डरला दिलेले 'झेड'सारखे अक्षर, हा लॉग-इन केलेल्या व्यक्तीपुरताच असतो, त्यामुळे कर्मचारी ज्या दिवशी लॉग-ऑफ करून जातो त्या रात्री बॅकअपला तो ड्राइव्ह दिसतच नाही. अशा वेळी अक्षराऐवजी साठवण यंत्राच्या नावासह पूर्ण मार्ग लिहावा आणि त्या कामाला स्वतंत्र खाते द्यावे.

तरीही बॅकअप फसल्यास राउटरचा 'अपटाइम', म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, हे पाहावे. तो त्याच रात्रीपासून मोजला जात असेल तर वीज गेली असण्याची शक्यता आहे. संगणकाला यूपीएस असतो, राउटर मात्र भिंतीवरील साध्या सॉकेटवर असतो, ही चूक फार आढळते. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर साठवण यंत्राला नवा आयपी पत्ता मिळू शकतो, म्हणून तो राउटरमध्ये राखीव करावा. साठवण यंत्र व संगणक रात्री स्लीपमध्ये जात नाहीत ना, हेही तपासावे.

जुने यंत्र जोडण्यासाठी एसएमबी १ हा फाइल-देवाणघेवाणीचा कालबाह्य नियमसंच पुन्हा सुरू करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये. मे २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणी-विषाणू त्यातील त्रुटीतूनच जगभर पसरला होता.