बाटली मागवण्याआधी टप बघा

गाडी दहा-बारा वर्षांपुढची असेल आणि घरीच सिरॅमिक कोटिंग करायचं मनात असेल, तर बाटली मागवण्याआधी ती भर उन्हात उभी करा आणि तिचा टप नि बॉनेट बारकाईने बघा. कोटिंग टिकणार की पैसे वाया जाणार, हे बरंचसं तिथेच कळतं.

आमची गडद निळी गाडी 2009 सालची. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण केलं, पर्यावरण कर भरला आणि आणखी पाच वर्षं हीच वापरायची असं घरात ठरलं. इंजिन उत्तम होतं. रंग मात्र पुण्याच्या उन्हाने आणि रोज सकाळी धुळीवरून फिरणाऱ्या कोरड्या फडक्याने निस्तेज झाला होता. डिटेलिंगच्या दुकानांनी सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघितला, तेव्हा मन धजेना. म्हणून बाटली मागवली. खोक्यावर लिहिलं होतं: ओरखडे झाकले जातील, गाडी धुवायची गरज उरणार नाही, कठीणपणा 9एच. जुन्या गाडीच्या मालकाने यातलं एकही वाक्य जसंच्या तसं धरू नये.

बाटलीत सिलिकाच्या कुळातली रसायनं असतात, झपाट्याने उडणाऱ्या द्रावकात मिसळलेली. रंगावर लावली की द्रावक उडून जातं, हवेतल्या ओलाव्याने उरलेला थर घट्ट होतो आणि कडक, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन, कित्येकदा त्याहूनही कमी. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. इतक्या पातळ थराने ओरखडा भरून निघत नाही. खाली जे असेल तेच तो चकाकीसकट दाखवतो. आणि 9एच ही पेन्सिलींच्या मोजपट्टीवरची खूण आहे. कमी-जास्त कठीण पेन्सिली थरावर दाबून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात. रस्त्यावरच्या धुळीत वाळू असते, वाळूत क्वार्ट्झ असतं. त्या धुळीवरून कोरडं फडकं फिरलं की कोटिंगवरही रेघा पडतात.

आता टपाकडे का बघायचं ते सांगते. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. गॅरेजमध्ये त्यालाच लॅकर म्हणतात. नव्या गाडीवर तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो आणि ऊन सगळ्यात आधी तोच झेलतो. आमच्या टपावर मागच्या कडेला एक पांढुरका चट्टा होता. सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा डाग असेल असं वाटत होतं. पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर लावून पुसलं. क्षाराचे ताजे डाग त्याने निघतात. हा हलला नाही. ओला असताना दिसेनासा व्हायचा, वाळला की पुन्हा उमटायचा, आणि कडेला नखाला बारीक कंगोरा लागायचा. म्हणजे लॅकर मेलेला होता. यावर पॉलिश नाही आणि कोटिंगही नाही. सुटायला लागलेला पापुद्रा कोटिंग धरून ठेवत नाही. तो भाग पुन्हा रंगवणं एवढाच उपाय उरतो.

बॉनेटची गोष्ट वेगळी होती. ओळखीच्या पेंटरदादांकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं. ते दारांवर 110-120 मायक्रॉन दाखवत होतं, बॉनेटच्या डाव्या अंगाला 300 च्या पुढे. कधीतरी तिथे लांबी भरून रंग मारला होता, आणि ते काम करणाऱ्या गॅरेजने आम्हाला तसं सांगितलं नव्हतं. जाडी भरपूर दिसली म्हणून तिथे निर्धास्त राहू नका. यंत्र सगळ्या थरांची बेरीज सांगतं, त्यातला लॅकर किती ते सांगत नाही. आमच्या बॉनेटच्या घडीवर पॉलिशचं पॅड हलकं फिरवलं तरी फोमवर निळा रंग उतरला. वर लॅकर असलेल्या गाडीत पॅडवर रंग आला तर लॅकर संपला असं समजून मशीन तिथल्या तिथे थांबवा. घडी, कडा, दाराच्या मुठीभोवतीचा भाग इथे लॅकर मुळातच पातळ बसतो. मशीन फिरवण्याआधी तिथे मास्किंग टेप लावली की धोका बराच टळतो.

एवढं बघून झाल्यावर उरलेली गाडी तयार करायला घेतली, आणि खरी मेहनत इथेच आहे. शाम्पूचं पाणी एका बादलीत, हातमोजा खळबळायला साधं पाणी दुसऱ्या बादलीत. मग लोहकण काढणारा फवारा. ब्रेकची धूळ आणि लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात. फवाऱ्याशी क्रिया झाली की ते जांभळे होऊन ओघळतात. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करा आणि फवारा गाडीवर वाळू देऊ नका. त्यानंतर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून पत्र्यावरून बोटं फिरवा. उघड्या बोटांना न लागणारा खरखरीतपणा पिशवीतून लख्ख जाणवतो. तो जाईपर्यंत भरपूर ओलाव्यावर क्ले, म्हणजे रुतलेले कण उचलणारा मऊ गोळा, फिरवायचा, आणि क्ले खाली पडला तर टाकून द्यायचा, कारण त्याला चिकटलेला एक खडा अख्ख्या दाराची वाट लावतो.

मग पॉलिश. जुन्या गाडीवर सगळे ओरखडे काढायचा हट्ट धरू नका. लॅकर हे गाडीचं शिल्लक भांडवल आहे, आणि पुढची पाच वर्षं त्यावरच काढायची आहेत. खोल रेघा राहू द्याव्यात. सगळ्यात सौम्य पॉलिशने एका कोपऱ्यात करून बघा. तेवढ्याने भागलं तर तिथेच थांबा. शेवटी पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशचं तेल पुसून काढा. तेल राहिलं तर कोटिंग रंगाला न धरता तेलावर बसतं आणि थोड्याच धुण्यांत निघून जातं.

कोटिंग लावायला आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीची सकाळ उत्तम. सावली हवी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आम्ही मेच्या अखेरीस, वळवाचं आभाळ भरून आलेलं असताना लावलं, कारण खोक्यावरच्या पत्रकात हवामानाचा उल्लेखच नव्हता. दमट हवेत थर फार लवकर आवळतो. दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्यायचा, आधी उभा मग आडवा हात फिरवायचा आणि इंद्रधनुषी झाक उठली की मऊ मायक्रोफायबरने हलकेच पुसून सपाट करायचं, ही रीत आहे. डिकीवर मात्र पुसेपर्यंत फडकं अडकायला लागलं आणि गडद, तेलकट दिसणारे पट्टे राहिले. मुलीने तिरका टॉर्च धरला तेव्हा ते दिसले. ताजे असताना त्यावर पुन्हा थोडं कोटिंग फिरवलं की ते सैल होऊन पुसले जातात. एकदा रात्र उलटली की पॉलिश करूनच काढावे लागतात, आणि पॉलिश म्हणजे पुन्हा लॅकरला हात. म्हणून प्रत्येक तुकडा झाल्यावर टॉर्च मारा, सगळी गाडी संपेपर्यंत थांबू नका. हातमोजे घाला, दारं-खिडक्या बंद असलेल्या गॅरेजात हे करू नका. त्यानंतर निदान 24 तास गाडीला पाण्याचा थेंब लागू नये, आणि आठवडाभर शाम्पू नको.

कोटिंग चांगलं बसलं की पाण्याचे गोल थेंब घरंगळतात आणि चिखल कमी चिकटतो. हे सुख खरं आहे, आणि दारांवर आम्हाला ते मिळतंय. पण बोअरचं जड पाणी थेंबाथेंबाने उन्हात वाळलं तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचं कडं उमटतं. धुणं बंद करता येत नाही. धुऊन लगेच पुसणंही आलं. कोकणात, समुद्राजवळ गाडी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दाराच्या खालच्या पट्टीत नि चाकाच्या कमानीत गंज आतून धरतो, आणि बाहेरून लावलेल्या थराला त्याचा पत्ताही नसतो. तिथले पैसे आधी गंज काढण्यावर खर्च करा.

शेजारच्या काकांकडे जुनी पांढरी गाडी आहे. पॉलिशच्या फडक्यावर पांढरा रंग उतरतो, कारण तिला मुळात लॅकरच नाही, रंगाचा एकच थर आहे. मी त्यांना कोटिंगऐवजी वॅक्स सुचवलं. तीन-चार महिन्यांनी हाताने लावायचं, चुकलं तर पुसून टाकायचं. वय झालेल्या रंगाला ते झेपतं, आणि काकांनाही.

आमचा टप आणि बॉनेट पेंटरदादांकडे नव्याने रंगवून घेतलं आहे. ताज्या रंगातलं द्रावक बाहेर पडायला निदान महिना द्यावा लागतो. तोवर त्यावर वॅक्सही नाही. पाऊस संपेल, थंडी पडेल, मग त्या दोन भागांवर कोटिंग होईल. त्यासाठी मात्र नवी बाटली घ्यावी लागणार, कारण एकदा उघडलेली बाटली ओलाव्याने आतल्या आत घट्ट होते. घेताना 30 मिलीचीच घ्या. लहान गाडीला तेवढी पुरते.