दिवा आणि दिवस

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील व युरोपातील घरांत सूर्यास्ताबरोबर एक नवे काम सुरू होई. दिव्यात तेल भरावयाचे, वात कापावयाची, काचेवरील काजळी पुसावयाची आणि मग मिणमिणत्या उजेडात उरलेली कामे उरकावयाची! मोठ्या शहरांत नळांतून गॅस येई. पण त्याच्या ज्योतीने खोलीतील हवा कोंदट होई आणि आगीचे भय सदैव असे.

ज्योतीवाचून उजेड मिळेल काय? विजेने तापलेला तंतू प्रकाश देतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण हवेतील प्राणवायूमुळे तो लवकर जळून जाई. इंग्लंडात जोसेफ स्वान आणि अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी काचेच्या गोळ्यातील हवा पंपाने काढून घेऊन ही अडचण दूर केली. १८७९ च्या ऑक्टोबरात एडिसनच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत सुती दोऱ्यापासून केलेला कोळशाचा तंतू कित्येक तास तेवत राहिला. पुढे बांबूपासून केलेला तंतू हजार तासांहून अधिक टिकला.

दिवा तर सिद्ध झाला. पण विहिरीवाचून पोहरा काय कामाचा? दिव्याला वीज हवी होती. एडिसनचे मोठेपण येथेच दिसते. जनित्रे, जमिनीखालून नेलेल्या तारा, बटणे, वापरलेली वीज मोजणारे मापक, हे सारे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी उभे केले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवर त्याचे वीजकेंद्र सुरू झाले. तेथे कोळसा जळे, वाफेची एंजिने फिरत आणि जवळपासच्या इमारतींत सुमारे चारशे दिवे उजळत.

या केंद्राची वीज मैलभराच्या पलीकडे नीट पोहोचत नसे. पुढे विजेचा दाब वाढवून ती दूर नेण्याची युक्ती साधली. १८९६ साली नायगारा धबधब्यावरील वीज बफलो शहरात पोहोचली. आपल्याकडेही १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. शिवाय दिवसा दिवे लागत नसत, तेव्हा जनित्रे रिकामी राहत. म्हणून वीजकंपन्यांनी विजेवर चालणारी यंत्रे, पंखे, इस्त्र्या यांच्या वापरास उत्तेजन दिले. अशा रीतीने दिव्याने विजेला घरात आणले आणि विजेने घराचे रूपच पालटले.

रात्री वाचन होऊ लागले, रुग्णालयांत शस्त्रक्रिया सुलभ झाल्या. परंतु या उजेडाला एक काळी बाजूही होती. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर अंधार पडला की यंत्रे थांबत. आता ती थांबविण्याचे कारण उरले नाही. कामगारांना दिवसाला चौदा-पंधरा तास राबावे लागे. त्यांनी संप केले. अखेर १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामाला १२ तासांची मर्यादा घातली. जी विश्रांती पूर्वी अंधार आपण होऊन देत असे, ती आता कायद्याने मिळवावी लागली!

तंतूच्या दिव्यात बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. आजचे एलईडी दिवे थोड्या विजेत तेवढाच उजेड देतात. निळा एलईडी शोधून पांढऱ्या उजेडाची वाट मोकळी करणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दिव्याने माणसाचा दिवस लांबविला. त्या वाढलेल्या वेळेचा उपयोग ज्ञानासाठी करावा, की दुसऱ्यास राबविण्यासाठी, हे मात्र दिवा ठरवीत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

शब्दार्थ : तंतू – धागा, जनित्र – वीज उत्पन्न करणारे यंत्र, पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे, उत्तेजन – प्रोत्साहन.

स्वाध्याय
१. काचेच्या गोळ्यातील हवा का काढून घ्यावी लागली?
२. ‘विहिरीवाचून पोहरा काय कामाचा?’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. विजेच्या दिव्यांमुळे गिरणीकामगारांवर कोणते संकट आले? ते कसे कमी झाले?