धानाच्या जिल्ह्यातील आहार आणि पर्यावरण

प्राणिजन्य अन्नापेक्षा वनस्पतिजन्य अन्नाचा पर्यावरणावरील भार सामान्यतः कमी असतो. सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर आधारलेल्या २०१८ मधील जागतिक अभ्यासात गोमांसाचा भार सर्वाधिक, तर डाळींचा अत्यल्प आढळला. तथापि सर्व वनस्पतिजन्य अन्न सारखे नसते. गोंदिया जिल्ह्याचे मुख्य पीक धान. म्हणून येथे ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

गाईम्हशींच्या पोटात प्राणवायूवाचून चारा आंबतो व मिथेन वायू निर्माण होतो. पाण्याखालील बांधीतही हेच घडते. मातीत कुजणारी मुळे व धसकटे यांपासून सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या काळात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवितो.

यावर उपाय आहे. सिंचनाची सोय असेल तेथे बांधीत सतत पाणी न ठेवता पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यावी व मग पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्यात मात्र पाणी तुटू देऊ नये. यामुळे मिथेन घटतो व पाणीही वाचते. धुऱ्यावर तूर आणि धानानंतरच्या ओलीवर हरभरा घेण्याची रीत जमिनीला नत्र व ताटाला प्रथिने देते.

तणसावर पोसलेल्या गुरांपासूनही मिथेन निघतो; परंतु त्यांच्या चाऱ्यासाठी वेगळी जमीन लागत नाही. मालगुजारी तलाव सिंचनासोबत मासळीही देतात. म्हणून तलावांची निगा, पाण्याचे नियोजन आणि कडधान्यांचा प्रसार ही कामे ग्रामपंचायतींनी आपल्या वार्षिक आराखड्यात एकत्रितपणे घेणे हिताचे ठरेल.