कोरड्या घळीतील पूर

मुलांनो, वाळवंटात माणूस तहानेने मरतो, हे तुम्ही ऐकले असेल. पण तेथे माणसे बुडूनही मरतात!

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, नवाहो आदिवासींच्या प्रदेशात, अँटिलोप कॅन्यन नावाची घळ आहे. पुराच्या पाण्याने वालुकाश्म कापून ती घडवली. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी काही प्रवासी या घळीच्या खालच्या भागात उतरले होते. तेथे पाऊस जवळजवळ नव्हताच. पण कित्येक किलोमीटर दूर, वरच्या बाजूला, मुसळधार पाऊस पडला. उघडा खडक पाणी शोषत नाही. सगळे पाणी घळीत शिरले. उर्दूत आपण ज्याला सैलाब म्हणतो, तोच हा. पळायला जागा कोठे? लाकडी शिड्याही वाहून गेल्या. ११ जण मृत्युमुखी पडले. वाटाड्या तेवढा वाचला.

आता तेथे धातूचे जिने पक्के बसवले आहेत. वाटाड्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. जाणते लोक घळीत उतरण्यापूर्वी डोक्यावरचे नव्हे, तर ओढ्याच्या उगमाकडचे आभाळ पाहतात. भिंतीत उंचावर एखादा ओंडका अडकलेला दिसला, तर मागचा पूर कोठवर चढला होता, हे ते ओळखतात.