दोन संगणक, एक जोडणी : बिनतारी वाटपातील बिघाड शोधण्याची पद्धती

पुष्कळ प्राथमिक शाळांत आज दोन संगणक असतात. इंटरनेटची जोडणी मात्र एकच असते. शिक्षकांच्या घरीही हाच प्रकार दिसतो. एका संगणकास केबल, डोंगल अथवा मोबाईल फोन यांतून इंटरनेट मिळते आणि तेच बिनतारी मार्गाने दुसऱ्यास द्यावयाचे असते. ही सोय नवी नव्हे. एका संगणकाची जोडणी दुसऱ्यास वाटून देण्याची व्यवस्था विंडोज प्रणालीत १९९९ सालापासून आहे. विंडोज १० व ११ या आवृत्त्यांत ती 'मोबाईल हॉटस्पॉट' या नावाने सेटिंगमध्ये सापडते.

वाटप सुरळीत चालते तोवर तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते बंद पडले म्हणजे मात्र दुसऱ्या संगणकावर कापड पडते, त्यास 'बिघडलेला' असा शेरा मिळतो आणि त्याच्यापुढे बसावयाची मुले पहिल्या संगणकाभोवतीच्या गर्दीत मागे उभी राहतात. यू-डायस प्लसची माहिती भरण्याच्या दिवसांत तर शिक्षकांचेच काम खोळंबते. वस्तुतः अशा प्रसंगी संगणक बहुधा धडधाकट असतो. वाटेतील एखादा दुवा तेवढा निखळलेला असतो. तो कोणता, हे शोधून काढण्याची रीत सांगणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

पूर्वज्ञान

ही रीत शिक्षकांस परकी नाही. भागाकार चुकलेल्या मुलाची वही तपासताना जाणता शिक्षक 'उत्तर चूक' एवढेच लिहून थांबत नाही. पाढा चुकला, वजाबाकी चुकली, की पुढचा अंक खाली घ्यावयाचा राहिला, हे तो पायरीपायरीने पाहतो. जी पायरी चुकली तीच तो पुन्हा शिकवितो. सारे गणित पहिल्यापासून शिकवीत बसत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ही शिस्त विसरतो. चार ठिकाणी खुणा बदलतो, दोनदा पासवर्ड बदलतो, शेवटी प्रणालीच नव्याने भरवून घेतो. त्यात साठविलेले काम जाते, पैसा जातो आणि मूळ दोष कोणता होता हे अखेरपर्यंत कळत नाही.

म्हणून प्रथम वाट समजून घ्यावी. दुसऱ्या संगणकावर एखादे पान उघडावयाचे तर पाच गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. पहिल्या संगणकास बाहेरून इंटरनेट मिळाले पाहिजे. दोन्ही संगणकांत बिनतारी दुवा जुळला पाहिजे. दुसऱ्या संगणकास अंकांचा पत्ता मिळाला पाहिजे. पहिल्याने दुसऱ्याची मागणी बाहेर पोचविली पाहिजे. शेवटी, आपण लिहिलेल्या संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकांतील पत्ता सापडला पाहिजे. या पाच पायऱ्यांस पाच परीक्षा आहेत.

परीक्षा पहिली : मूळ जोडणी

पहिल्या संगणकावर पूर्वी कधी न उघडलेले एखादे पान उघडून पाहावे. नेहमीचे पान उघडू नये. कारण ते संगणकाने स्वतःच्या साठ्यातून दाखविलेले असण्याचा संभव असतो. नवे पान येत नसेल तर दोष वाटपात नाही, मूळ जोडणीत आहे. डोंगलमधील रिचार्ज संपला आहे काय, केबल सैल झाली आहे काय, हे पाहावे. विहीर आटली असता पन्हळ दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

परीक्षा दुसरी : बिनतारी दुवा

दुसऱ्या संगणकाच्या वाय-फाय यादीत पहिल्याच्या हॉटस्पॉटचे नाव दिसते काय? दिसत नसल्यास चार कारणे तपासावीत.

एक, हॉटस्पॉट आपोआप बंद झाला असेल. काही वेळ कोणी जोडलेले नसेल तर वीज वाचविण्यासाठी तो बंद व्हावा अशी खूण त्याच्या सेटिंगमध्येच असते. ती काढता येते.

दोन, लॅपटॉपचे झाकण मिटल्यामुळे तो झोपी गेला असेल. देणाराच झोपला तर घेणाऱ्यास काही मिळत नाही.

तीन, लहरींचा पट्टा जुळत नसेल. वाय-फाय मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. जुन्या संगणकांतील किंवा स्वस्त यूएसबी वाय-फाय ॲडाप्टरांपैकी अनेकांस केवळ २.४ चा पट्टा कळतो. हॉटस्पॉट ५ वर चालू असेल तर त्यांस त्याचे नावही दिसणार नाही. 'नेटवर्क बँड' या सेटिंगमध्ये २.४ निवडावे.

चार, मध्ये लोखंडी कपाट अथवा जाड भिंत असेल. धातूचा पत्रा या लहरींस अडवितो. दोन्ही संगणक घटकाभर एकाच खोलीत आणून पाहिले की याचा निर्णय होतो. ५ चा पट्टा वेगवान खरा, परंतु भिंतीपलीकडे तो २.४ च्या मानाने लवकर क्षीण होतो.

नाव दिसते, पण जोडणी होत नाही, असे असेल तर पासवर्ड पाहावा. तो निदान आठ अक्षरांचा असावा लागतो आणि त्यात रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे भिन्न मानली जातात.

परीक्षा तिसरी : पत्ता

दुवा जुळला, तरी इंटरनेट नाही. आता दुसऱ्या संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' ही काळी खिडकी उघडावी आणि 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. आज्ञा रोमन अक्षरांत व पत्ते इंग्रजी अंकांत टंकावयाचे असतात, हे ध्यानी ठेवावे. उत्तरात वाय-फायच्या मथळ्याखाली 'आयपीव्ही४' असा पत्ता दिसेल.

विंडोजच्या वाटपात देणाऱ्या संगणकाचा पत्ता सामान्यतः १९२.१६८.१३७.१ असतो आणि घेणाऱ्यास त्याच मालिकेतील, म्हणजे शेवटचा अंक तेवढा निराळा असलेला, पत्ता मिळतो. तसा दिसल्यास ही पायरी बिनचूक आहे. परंतु पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्थ निराळा. संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असे त्यावरून समजावे. वाटप करणारी व्यवस्था पहिल्या संगणकावर नीट चालू नाही, असा याचा बहुधा अर्थ होतो. तेथे हॉटस्पॉट बंद करून पुन्हा सुरू करावा व दुसरा संगणक नव्याने जोडावा. दुसऱ्या संगणकावर कोणी पूर्वी हाताने ठरावीक पत्ता घालून ठेवला असेल तर तो काढून 'आपोआप मिळवा' ही खूण करावी.

परीक्षा चौथी : मागणी बाहेर जाते काय

त्याच काळ्या खिडकीत 'पिंग ८.८.८.८' ही आज्ञा द्यावी. हा गूगलच्या सार्वजनिक नामसेवेचा पत्ता आहे. उत्तर आले तर बाहेरची वाट खुली आहे. न आले तर हीच आज्ञा पहिल्या संगणकावर देऊन पाहावी. तेथेही उत्तर नसेल तर त्या जोडणीवर ही परीक्षाच लागू पडत नाही. कित्येक ठिकाणी अशा हाकांना मुद्दाम उत्तर दिले जात नाही. उत्तर येणे हा पुरावा आहे. न येणे हा केवळ संशय आहे.

पहिल्यावर उत्तर येते, दुसऱ्यावर येत नाही, असे झाल्यास पहिला संगणक मागणी पुढे पाठवीत नाही हे निश्चित झाले. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'कोणती जोडणी वाटावयाची' असा प्रश्न असतो. तेथे ज्यातून इंटरनेट येते तीच जोडणी निवडलेली असावी. जुन्या पद्धतीने ॲडाप्टरच्या 'शेअरिंग' पानावरून वाटप केले असल्यास एक घोटाळा वारंवार होतो : खूण बाहेरच्या जोडणीवर करावयाची असता ती आतल्या, बिनतारी जोडणीवर केली जाते. विंडोज १० मध्ये संगणक पुन्हा सुरू केल्यावर हे वाटप थांबल्याचेही आढळते. खूण काढून पुन्हा केली असता ते चालू होते. व्हायरस-रोधक कार्यक्रमाची स्वतंत्र फायरवॉल आड येत असल्याचा संशय असेल तर ती दोन मिनिटे थांबवून परीक्षा घ्यावी आणि लगेच पूर्ववत सुरू करावी. ती कायमची बंद ठेवणे म्हणजे उकाडा होतो म्हणून रात्री दार उघडे टाकून निजण्यासारखे आहे.

परीक्षा पाचवी : नाव आणि पत्ता

अंकांच्या पत्त्यास उत्तर येते, पण नाव लिहून पान उघडत नाही, असे असेल तर नामसेवेत दोष आहे. माणूस नावे लक्षात ठेवतो, यंत्र अंक वापरते. या दोहोंचा मेळ घालणारी डीएनएस नावाची व्यवस्था १९८३ सालापासून अस्तित्वात आहे. दुसऱ्या संगणकावर डीएनएसचे सेटिंगही 'आपोआप' असावे. तरीही न जमल्यास तेथे ८.८.८.८ हा पत्ता घालून पाहावा.

याच पायरीवर जुन्या संगणकांचा एक विशेष दोष दिसतो. पाने उघडतात, पण 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा देऊन अडतात. अशा वेळी प्रथम तारीख पाहावी. संगणकाच्या आतील नाण्याएवढी बॅटरी संपली की बंद केल्यावर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे मुदतीची असतात. मागे गेलेल्या घड्याळास ती मुदत अजून सुरूच झालेली दिसत नाही, म्हणून संगणक ती नाकारतो. तारीख सुधारली की अडचण दूर होते. सीआर २०३२ हे या बॅटरीचे सर्वत्र आढळणारे माप असून तिची किंमत अल्प असते.

उपायांची शिस्त

परीक्षा याच क्रमाने घ्याव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच परीक्षा घ्यावी. बदलाने फरक पडला नाही तर ती गोष्ट पूर्ववत करावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणत्या औषधाने आला हे कळत नाही. प्रत्येक बदल तारखेसह वहीत टिपावा. पुढील वेळी तीच वही उपयोगी पडते आणि बदली होऊन येणाऱ्या शिक्षकासही वारसा मिळतो.

जोडणी सुरू झाली म्हणजे काम संपले असेही नाही. पासवर्ड फळ्यावर अथवा भिंतीवर लिहू नये; त्याच संगणकांवर मुलांची जन्मतारीख व आधारविषयक माहिती असते. इंटरनेट मोबाईलचे असल्यास दुसऱ्या संगणकावर 'मीटर्ड कनेक्शन' ही खूण करावी, म्हणजे प्रणालीच्या मोठ्या सुधारणा परस्पर उतरून दिवसाचा डेटा संपणार नाही.

वर्गातील उपयोजन

पाचवी ते सातवीच्या मुलांस ही पाच पायऱ्यांची आकृती काढून देता येईल. एक मूल 'मागणी' होऊन चिठ्ठी नेईल. वाटेतील चार मुलांपैकी एक गुपचूप चिठ्ठी अडवील. उरलेल्यांनी प्रश्न विचारून कोणी अडविली ते शोधावे. 'बिघडले' या एका शब्दावर समाधान न मानता 'कोठे?' असे विचारण्याची सवय या खेळातून लागते. यंत्राविषयी लागलेली ही सवय मुलांविषयीही ठेवावी. मागे पडलेल्या मुलास 'मठ्ठ' हा शेरा देण्यापूर्वी कोणती पायरी निखळली ते पाहणे, हे आपले मूळचेच काम आहे.

स्वाध्याय

१. दुसऱ्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. दोष कोणत्या पायरीवर असावा? कारण लिहा.

२. एकाच खोलीत जोडणी चालते, शेजारच्या खोलीत चालत नाही. कोणकोणत्या गोष्टी, कोणत्या क्रमाने तपासाल?

३. आपल्या शाळेतील अथवा घरातील दोन संगणकांवर पाचही परीक्षा घेऊन त्यांची नोंद करावी व ती केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत आणावी. बंद म्हणून झाकून ठेवलेला संगणक असल्यास आरंभ त्याच्यापासूनच करावा.