डोंगरवाट आणि सायकल

थळच्या ईशान्येस कनकेश्वराचा वृक्षाच्छादित डोंगर उभा आहे. त्याच्या चढणीवर इ. स. १७६४ मध्ये आंग्र्यांच्या दिवाणाने दगडी पायऱ्या बांधविल्या. त्या आजही पांथस्थांस वर नेतात.

मुलांनो, पायऱ्या डोंगरास थेट भिडतात. मग डोंगरातील सायकलवाट मात्र नागमोडी का आखतात? याचे उत्तर पावसाजवळ आहे. पायरीपायरीवर पाण्याचा वेग मोडतो आणि दगड सहजासहजी झिजत नाही. मातीची वाट उताराने सरळ खाली गेली, तर चाकांनी पडलेली चाकोरीच पाण्याचा पाट बनते. पाणी माती वाहून नेते. खडक व झाडांची मुळे उघडी पडतात. म्हणून जाणते लोक सायकलवाट डोंगराच्या कुशीने आडवी नेतात आणि तिची दरीकडील कड किंचित उतरती ठेवतात. मग पाणी वाटेवर न रेंगाळता बाजूस ओसरते.

अशा वाटांवर सायकल हाकण्याचा खेळ १९७० नंतर अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रुजला. तेथील एका शर्यतीत उतारावर मागचा ब्रेक इतका तापे, की त्यातील वंगण जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे! १९९६ साली अटलांटा येथे या खेळास ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

परंतु करकचून ब्रेक दाबून चाक फरफटविण्यात शौर्य नाही. क्षणात उखडलेली माती पुन्हा घडावयास कित्येक पिढ्या लागतात. वाट ओली असता सायकल नेऊ नये, वाट सोडून रानात शिरू नये आणि पादचाऱ्यास आधी जाऊ द्यावे. जी वाट आपणांस डोंगरावर नेते, तिला राखणे हे आपले कर्तव्य आहे.