पाणी आणि पाणथळ : बार्न्स येथील उद्यानाचा अभ्यास

परिसर अभ्यासात तळे, नदी, विहीर हे घटक शिकविताना, पाणी असेल तेथे पाणपाखरे येणारच, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजते. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग समजावून देण्यास लंडन शहरातील बार्न्स येथील पाणथळ उद्यानाचे उदाहरण फार उपयोगी पडते.

थेम्स नदीच्या एका वळणात बार्न्सची वस्ती आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी चार मोठे जलाशय बांधण्यात आले. पुढे लंडनच्या भूगर्भातून मोठी वर्तुळाकार जलवाहिनी निघाली आणि १९९० नंतर या जलाशयांचे प्रयोजन संपले. जलाशयांत पाण्याची उणीव कधीच नव्हती. हिवाळ्यात त्यांवर बदके उतरतही असत. तथापि काठ काँक्रीटचे व पाणी खोल. अशा काठावर बोरू-लव्हाळ्यास मूळ धरता येत नाही, बेडकास चढता येत नाही, आणि चिखलात चोच खुपसून किडे शोधणाऱ्या पक्ष्यास उभे राहण्यापुरतीही उथळ जागा मिळत नाही.

पक्षितज्ज्ञ व चित्रकार पीटर स्कॉट यांनी १९४६ साली पाणपक्ष्यांच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापन केली, तिने हे काम अंगावर घेतले. १९९५ साली खोदकामास प्रारंभ झाला आणि मे २००० मध्ये सुमारे १०५ एकरांचे उद्यान लोकांस खुले झाले. काँक्रीटचे काठ काढून तेथे मातीचे सौम्य उतार, बेटे, ओली कुरणे व बोरूची दाट बने करण्यात आली. तीन लाखांवर पाणवनस्पती लावल्या गेल्या. या कार्यासाठी लागणारा पैसा जलाशयांच्याच जमिनीचा एक भाग घरबांधणीस विकून उभा करण्यात आला. कोणास हा व्यवहार रुचणार नाही. परंतु तो न होता तर उरलेली जमीनही पाणथळ राहिली असती, असे म्हणणे कठीण आहे.

उथळ पाण्याचे महत्त्व बदकांवरून चांगले कळते. काही बदके बुडी मारून तळाशी जातात. त्यांना खोल पाणी चालते. थापट्या बदक तसे नाही. त्याची चोच पुढे पळीसारखी पसरट असते व तिच्या कडांना बारीक दातेरी गाळणी असते. मान पुढे करून तो पाण्याचा पृष्ठभाग गाळीत जातो आणि सूक्ष्म जीव व बिया टिपतो. थापट्या व गडवाल या दोन बदकांच्या हिवाळी वास्तव्याचे महत्त्व ओळखून २००२ साली या जागेस विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थान म्हणून कायद्याचे संरक्षण देण्यात आले.

पाणउंदराची कथा निराळी आहे. गुबगुबीत अंगाचा, बोथट नाकाचा हा गवतखाऊ प्राणी काठाच्या मातीत बीळ करून राहतो. कातड्याच्या धंद्यासाठी अमेरिकेतून आणलेला मिंक हा मांसाहारी प्राणी मोकाट सुटल्यावर व काठ बांधून निघाल्यावर, इंग्लंडच्या ओढ्यांतून पाणउंदीर झपाट्याने नाहीसा होत गेला. बार्न्स येथे २००१ साली तो पुन्हा आणून सोडण्यात आला. जेथे बीळ करण्यास मातीच नाही, तेथे त्याला आणून काय उपयोग झाला असता?

एकदा उद्यान झाले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. दारे उघडून वा बंद करून पाण्याची पातळी ऋतुमानाप्रमाणे राखावी लागते. पातळी उतरविली की चिखल उघडा पडतो व चिखलपक्षी चरावयास येतात. बोरू वेळोवेळी कापला नाही तर तो सारे पाणी व्यापून टाकतो.

हाच थापट्या हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतो, आणि गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मधमेश्वर येथे तो पाहावयास मिळतो. तेथे बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती वाढल्या. बार्न्स येथे जे यंत्रांनी खोदून केले, ते येथे नदीच्या गाळाने विनासायास घडविले. रामसर यादीत महाराष्ट्रातून प्रथम स्थान मिळाले ते याच जागेस.

आता गावतळ्यांकडे वळावे. सुशोभीकरणाच्या नावाखाली कित्येक तळ्यांना चारी बाजूंनी दगडी वा काँक्रीटची भिंत घालण्यात येते, मध्ये कारंजे बसते, आणि काठची बेशरमी काढता काढता लव्हाळाही उपटला जातो. बेशरमी परदेशी असल्याने ती काढणे योग्यच. लव्हाळा मात्र राखावयास हवा. धुणे, पाणी भरणे यांसाठी एका बाजूस घाट असावा, यास कोणाची हरकत नाही. निदान एक बाजू मातीच्या उताराची ठेवावी, एवढे ग्रामसभेत सुचविणे शिक्षकास अशक्य नाही.

वर्गासाठी पुढील काम द्यावे. शिक्षकाने स्वतः खुणा केलेली काठी घेऊन काठापासून दर पावलागणिक पाण्याची खोली मोजावी; मुलांनी कोरड्या जागी उभे राहून ती वहीत नोंदवावी. मग टिबुकली कोठे बुडी मारते, वारकरी कोठे पोहतो, बगळा कोठे उभा असतो, खंड्या कोणत्या फांदीवरून सूर मारतो, हे त्याच नकाशात दाखवावे. ही नोंद श्रावणात एकदा, मार्गशीर्षात एकदा व वैशाखापूर्वी एकदा घ्यावी, आणि तिन्ही नकाशे वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत.